थ्री-नॉट-थ्री ते एके-२०३: लष्करी बंदुकांच्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थ्री-नॉट-थ्री हे रायफलीचं मॉडेल आहे ना?

ते काडतुसाचं माप आहे. ०.३०३ इंच, म्हणजे साधारण ७.७ मिमी. हेच काडतूस ली-एनफिल्ड रायफल, लुईस गन, व्हिकर्स मशीनगन आणि ब्रेन गन या सगळ्यांत चालायचं. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या ज्या रायफलीला लोक थ्री-नॉट-थ्री म्हणतात, तिचं कागदावरचं नाव बहुतेक वेळा 'रायफल नंबर १ मार्क ३' असतं.

हे मापही फसवं आहे. आकडा नळीच्या मूळ भोकाचा असतो, वळणदार खाचा पाडण्यापूर्वीचा. गोळीला त्या खाचांत रुतायचं असतं, म्हणून ती थोडी जाड ठेवतात. थ्री-नॉट-थ्रीची गोळी व्हर्नियरने मोजली तर जवळपास ७.९ मिमी भरते. ५.५६ ची गोळी ५.७ मिमी असते. त्यामुळे गोळी मोजून "हे ५.५६ नाहीच" असा निष्कर्ष काढणारा माणूस चुकतो. पुंगळीची लांबी सोबत असली तरच माप पुरं होतं. ७.६२×५१ एसएलआरचं, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफलीचं, ७.६२×३९ एकेचं. नुसतं "७.६२" लिहिलेल्या नोंदीवरून यांतलं कोणतं ते कळत नाही.

मग मॉडेलचं नाव कोण ठरवतं?

जे सैन्य ते शस्त्र स्वीकारतं ते. कारखानदार आपल्या कॅटलॉगमध्ये काहीही म्हणो, सैन्याच्या नोंदवहीत जे चढतं ते अधिकृत नाव. जमिनीच्या गट नंबरासारखं हे काम आहे: तलाठ्याच्या दप्तराबाहेर त्या आकड्याला अर्थ नाही, आणि शेजारच्या गावातही गट नंबर ४५ असतोच. बंदुकांच्या नावांतले निम्मे घोळ एका दप्तराचा आकडा दुसऱ्या दप्तरात शोधल्यामुळे होतात.

क्रम साधारण असा असतो. सैन्य गरज मांडतं. नमुन्याला चाचणीपुरतं तात्पुरतं नाव मिळतं. चाचण्या होतात. मंजुरी मिळाली की कायमचं नाव आणि मंजूर आराखडे ठरतात. त्यानंतर कोणताही बदल त्या आराखड्यांत नोंदवूनच करायचा. ब्रिटनमध्ये पूर्वी मंजूर झालेला एक प्रत्यक्ष नग मोहोर लावून जपून ठेवत आणि कारखान्यांनी त्याच्याशी ताडून माल काढायचा. 'पॅटर्न' हा शब्द तिथून आला. १८५७ मध्ये ज्या रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून भडका उडाला ती 'पॅटर्न १८५३ एनफिल्ड'. बदलांची नोंद 'लिस्ट ऑफ चेंजेस' या सरकारी यादीत परिच्छेद क्रमांकासह व्हायची. आजही एखादी ली-एनफिल्ड नेमकी कोणत्या टप्प्याची हे ठरवताना जाणकार त्याच यादीपाशी जातात.

भारतात शस्त्राचे मंजूर तपशील सांभाळण्याचं काम गुणवत्ता हमी महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीक्यूएकडे आहे. संशोधन बहुधा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेत, बंदुकीचं उत्पादन इशापूर, कानपूर, तिरुचिरापल्ली इथं, आणि काडतुसं खडकी, वरणगावला.

नावातला आकडा सालाचा आहे की अनुक्रमांक, हे कसं ओळखायचं?

आकड्याकडे बघून ओळखता येत नाही. आधी देश, मग काळ, मग आकडा, या क्रमाने जावं लागतं.

अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साल वापरत: एम१९०३ रायफल, एम१९११ पिस्तूल, एम१९१७ आणि एम१९१९ मशीनगन. नंतर १ पासून अनुक्रमांक. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धापर्यंत साल: एमजी ३४, एमजी ४२, एमपी ४०. युद्धानंतरच्या जर्मन सैन्याने मोजणी पुन्हा १ पासून सुरू केली. म्हणून एमजी३ ही एमजी ४२ पेक्षा नवीन आहे. मुळात ती तीच बंदूक, ७.९२ मिमीऐवजी ७.६२×५१ साठी बदललेली. तसंच जुनं पी३८ पिस्तूल नव्या सैन्यात पी१ झालं. आकडा लहान म्हणजे शस्त्र जुनं, हा अंदाज इथे सपशेल आपटतो.

साल असलं तरी ते कशाचं हेही पाहावं. जर्मन कार ९८के मधलं ९८ हे १८९८ च्या मूळ रायफलीच्या यंत्रणेचं साल. ती आखूड आवृत्ती स्वतः १९३५ ची. शेवटचा 'के' म्हणजे कुर्त्स, आखूड.

जपानी 'टाइप ३८' आणि 'टाइप ९९' मध्ये ६१ वर्षांचं अंतर आहे का?

३४ वर्षांचं. हा सगळ्यात मजेदार प्रकार आहे. आपल्याकडे एकाच कॅलेंडरवर शके आणि इसवी सन शेजारी छापलेले असतात, म्हणून मराठी वाचकाला तो पटकन कळावा. जपानने शस्त्रांसाठी तीन वेगवेगळ्या कालगणना वापरल्या.

पहिली, सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष. टाइप ३८ रायफल मेइजी ३८ ची, म्हणजे १९०५. मेइजी वर्षात १८६७ मिळवायचे. मग तैशो कारकीर्द: टाइप ११ लाइट मशीनगन तैशो ११ ची, १९२२, टाइप १४ नाम्बू पिस्तूल १९२५ चं. तैशो वर्षात १९११ मिळवायचे. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून शाही संवत आला, जो इसवी सनापेक्षा ६६० वर्षांनी पुढे चालतो. त्याचे शेवटचे दोन आकडे घेत. टाइप ९२ हेवी मशीनगन २५९२ ची, म्हणजे १९३२. टाइप ९९ रायफल २५९९ ची, म्हणजे १९३९. १९४० साली २६०० भरले, म्हणून त्या सालची सबमशीनगन टाइप १०० झाली. पुढे मात्र एकच आकडा ठेवला, आणि १९४२ ची छत्रीधारी सैनिकांची रायफल टाइप २ झाली. युद्धानंतर सरळ इसवी सन: टाइप ६४ रायफल १९६४ ची, टाइप ८९ रायफल १९८९ ची, टाइप २० रायफल २०२० ची.

व्यवहारात नियम असा: आकडा विशी-तिशी-चाळिशीत आणि बंदूक जुनी, तर मेइजी. ११ ते १४, तर तैशो. ८७ ते १००, तर शाही संवत. एक आकडी असेल तर सावध राहा, कारण टाइप ३ हेवी मशीनगन तैशो ३ ची, म्हणजे १९१४ ची आहे, आणि टाइप २ रायफल १९४२ ची. दुसरा खड्डा ८९ चा. ब्रह्मदेशाच्या आघाडीच्या हकिकतींत 'नी मॉर्टर' म्हणून येणारा छोटा ग्रेनेड-फेकी हाही टाइप ८९, पण २५८९ चा, म्हणजे १९२९ चा. आजची टाइप ८९ रायफल त्याच्यानंतर साठ वर्षांनी आली.

ब्रिटिशांची नावं इतकी लांबलचक आणि उलटी का?

'रायफल, शॉर्ट, मॅगझिन, ली-एनफिल्ड' अशी रचना कोठाराच्या यादीसाठी आहे. आधी वस्तू, मग विशेषणं, म्हणजे यादीत सगळ्या रायफली एकत्र येतात. अमेरिकन नावही तसंच, 'रायफल, कॅलिबर .३०, एम१'. आपलं 'रायफल ७.६२ मिमी २ए१' किंवा 'पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए' हे त्याच सवयीचं आहे.

ली-एनफिल्ड या जोडनावात माहिती दडली आहे. पहिला भाग यंत्रणेचा, दुसरा नळीतल्या खाचांचा. ली म्हणजे जेम्स पॅरिस ली याची बोल्ट आणि मॅगझिनची रचना. आधी त्या रचनेला मेटफर्ड पद्धतीच्या उथळ खाचा होत्या, म्हणून ती ली-मेटफर्ड. कॉर्डाइट दारू आली, तिच्या उष्णतेने त्या खाचा लवकर झिजू लागल्या, मग एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात ठरलेल्या खोल खाचा बसवल्या आणि १८९५ मध्ये ली-एनफिल्ड झाली. त्याआधीची मार्टिनी-हेन्री याच पद्धतीची: यंत्रणा मार्टिनीची, नळी हेन्रीची.

त्यापुढे मार्क आणि तारा. मोठा बदल झाला की मार्क वाढतो. नवा मार्क देण्याइतका बदल नसेल तर मार्कच्या पुढे तारा येतो. १९०७ च्या मार्क ३ मधून युद्धाच्या घाईत मॅगझिन कट-ऑफची (मॅगझिनमधली काडतुसं रोखून धरणारी) पट्टी आणि लांब पल्ल्याच्या सामूहिक गोळीबारासाठीची बाजूची दर्शिका, म्हणजे नेम धरायची खूण, काढून टाकली, तो १९१६ चा मार्क ३ तारा. तारा म्हणजे सुधारणाच असते असं नाही. इथे तर काटकसर आहे. मार्कचे आकडे आधी रोमन लिहीत. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून साधे आकडे आले. म्हणून नंबर ४ चा पहिला मार्क जुन्या नगांवर रोमन दिसतो आणि दुसरा मार्क साध्या २ ने.

काडतुसाचे मार्क वेगळे असतात, हे विसरायला होतं. थ्री-नॉट-थ्रीची १७४ ग्रेनची टोकदार गोळी असलेलं काडतूस मार्क ७. "मार्क ७ रायफल" शोधत बसलेला माणूस बहुधा काडतुसाच्या खोक्यावरचा शिक्का वाचून आलेला असतो.

नंबर १ नंतर थेट नंबर ४ कसा? नंबर २ आणि ३ फसले का?

फसले नाहीत. १९२६ मध्ये ब्रिटिशांनी जुनी लांब नावं बदलून रायफलींना नंबर दिले, तेव्हा हाताशी होत्या त्या सगळ्यांना एकाच ओळीत उभं केलं. शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड झाली नंबर १. सरावाच्या .२२ रायफली नंबर २. पहिल्या महायुद्धातली पॅटर्न १९१४ झाली नंबर ३. पुढची नवी रायफल आली तिला उरलेला नंबर ४ मिळाला, आणि १९४४ ची आखूड 'जंगल कार्बाइन' नंबर ५.

इशापूरने नंबर ४ बनवायला घेतलीच नाही, नंबर १ चंच उत्पादन चालू ठेवलं. म्हणून भारतात नंबर १ ची जात जास्त दिसते.

भारतीय १ए, १ए१, २ए, २ए१ यांचा नेमका अर्थ काय?

आधी ही यादी डोळ्यांखालून घाला.

रायफल ७.६२ मिमी १ए१: इशापूरची एसएलआर. ७.६२×५१.
रायफल ७.६२ मिमी २ए आणि २ए१: १९६० च्या दशकात इशापूरने काढलेली बोल्ट-अॅक्शन रायफल. दिसायला नंबर १ मार्क ३, काडतूस मात्र एसएलआरचं.
पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए: ब्राउनिंग हाय-पॉवरच्या जातीचं.
कार्बाइन ९ मिमी १ए१: स्टर्लिंग, कानपूरची. आवाज दाबणारी आवृत्ती २ए१.
रायफल ५.५६ मिमी इन्सास (इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम) १बी१.

पहिला आकडा त्या प्रकारातला अनुक्रम आहे, आणि प्रकार बदलला की मोजणी पुन्हा सुरू होते. म्हणून '२ए१' रायफलही आहे आणि कार्बाइनही. "आमच्याकडे २ए१ आहे" हे वाक्य वस्तूचं नाव आणि कॅलिबर सांगितल्याशिवाय अपुरं.

रायफलीच्या २ए आणि २ए१ मधला ढोबळ फरक मागच्या दर्शिकेवर दिसतो. २ए ची पट्टी २,००० मीटरपर्यंत आखलेली, २ए१ ची ८०० पर्यंत. दोन्हींचं मॅगझिन खालून चौकोनी, जुन्या थ्री-नॉट-थ्रीसारखं तिरकं उतरणारं नाही. हा मुद्दा निव्वळ हौशीचा नाही. दुरून सारख्या दिसणाऱ्या दोन रायफलींत दोन वेगळी काडतुसं चालतात, आणि २ए-२ए१ साठी जास्त मजबूत पोलाद वापरलेलं आहे. सारखी दिसते म्हणून जुन्या नंबर १ ला ७.६२ चं समजणं धोक्याचं.

ए१ म्हणजे पहिली सुधारणा ना?

अमेरिकेत हो. ब्रिटनमध्ये नाही.

अमेरिकन पद्धतीत मूळ शस्त्राला शेपूट नसतं. एम१६ आधी, मग एम१६ए१. सैन्याने चाचणीच्या एक्सएम१६ई१ ला १९६७ मध्ये एम१६ए१ केलं. डोळ्यांना दिसणारा फरक म्हणजे बोल्ट पुढे ढकलायचं उजवीकडचं बटण, जे हवाई दलाच्या साध्या एम१६ ला नव्हतं. ए२ ला जाड नळी आणि तीन गोळ्यांची फैर, ए४ ला वरचं हँडल काढता येतं. पण ए१ चा अर्थ दरवेळी "सुधारली" असा घेऊ नका. एम१ए१ कार्बाइन ही छत्रीधारी सैनिकांसाठी घडीच्या दस्त्याची एम१ कार्बाइन, बाकी तीच.

ब्रिटनने १९५० च्या दशकात एल पद्धत आणली. त्यात पहिलीच आवृत्ती ए१ असते. एल१ए१ एसएलआर, एल८५ए१ रायफल, एल९ए१ पिस्तूल. "एल८५ ए१ च्या आधी नुसती एल८५ कुठली होती" या शोधात निघालात तर हाती काही लागणार नाही.

आपल्या २ए आणि २ए१ मध्ये क्रम अमेरिकन वाटतो, तर एसएलआरचं १ए१ ब्रिटिश एल१ए१ च्या सावलीत उभं आहे. दोन्ही सवयी एकाच कारखान्यात नांदल्या.

अमेरिकेत एम१ नावाच्या किती गोष्टी आहेत?

भरपूर. एम१ रायफल, म्हणजे १९३६ ची गरांड. एम१ कार्बाइन, १९४१. एम१ थॉम्पसन सबमशीनगन. एम१ हेल्मेट. एम१ बेयोनेट. प्रत्येक प्रकाराची मोजणी वेगळी असल्यामुळे हे घडतं. गरांडचं काडतूस ७.६२×६३, कार्बाइनचं ७.६२×३३, थॉम्पसनचं .४५. तिघांत काहीच सामाईक नाही. ब्रिटनमध्येही हाच प्रकार: एल१ए१ म्हटलं की लोकांना एसएलआर आठवते, पण १२.७ मिमी हेवी मशीनगनही एल१ए१ होती आणि बेयोनेटही.

चाचणीच्या नावांत जुनं अक्षर टी, नंतर एक्सएम. टी४४ ही १९५७ मध्ये एम१४ झाली. तिच्याशी स्पर्धेत हरलेली टी४८ म्हणजे बेल्जियमची एफएएल, आपल्या एसएलआरची मावशी. एम१४ च्या जोडीने जड नळीची एम१५ मंजूर झाली पण उत्पादनात आली नाही, म्हणून लोकांना १४ नंतर थेट १६ दिसते. मधला गाळलेला आकडा बहुधा असा कागदावर जगून गेलेला असतो.

नौदलाच्या वस्तूंना 'एमके' आणि 'मॉड' लागतं: एमके १८ मॉड ०. मॉडची मोजणी शून्यापासून.

मंजूर झालेलं नाव नंतर बदलतं का?

बदलतं, आणि कारण नेहमी तांत्रिक नसतं. अमेरिकन सैन्याने नव्या ६.८ मिमी रायफलीला आधी एक्सएम५ म्हटलं. पण एका खासगी कंपनीच्या कार्बाइनचं व्यापारी नाव आधीच एम५ होतं, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ती एक्सएम७ झाली. चाचणीचा शिक्का गेल्यावर एम७. त्यामुळे २०२२ च्या बातमीतली एक्सएम५ आणि आजची एम७ ही एकच रायफल.

जर्मन एमपी ४३, एमपी ४४ आणि स्टुर्मगेव्हेर ४४ ही मुळात एकच बंदूक. तीन नावं म्हणून तीन शस्त्रं धरलेले तक्ते अजून फिरत असतात.

एके-४७ हे अधिकृत नाव आहे का?

सोव्हिएत सैन्याने १९४९ मध्ये जी स्वीकारली तिचं नाव '७.६२ मिमी ऑटोमॅट कलाश्निकोव्हा', थोडक्यात एके. ४७ हे त्याआधीच्या चाचणी नमुन्याचं साल, जे जगभर चिकटलं. १९५९ मध्ये एकेएम आली. 'एम' म्हणजे आधुनिक केलेली. घडवलेल्या जड पोलादी ठोकळ्याऐवजी दाबून वळवलेल्या पत्र्याची बॉडी आणि सुमारे एक किलोने हलकी. बातम्यांत ज्यांना एके-४७ म्हणतात त्यांतल्या पुष्कळ एकेएम तरी असतात किंवा चिनी टाइप ५६.

रशियन नावं ही बहुतेक वर्णनाची आद्याक्षरं आहेत. एकेएमएस मधला 'एस' घडीच्या दस्त्याचा. एकेएस-७४यू मधला 'यू' आखूड केलेल्याचा. एसव्हीडी म्हणजे ड्रॅगुनोव्हची स्नायपर रायफल. पीके म्हणजे कलाश्निकोव्हची मशीनगन. आरपीजी हाही रशियन संक्षेप आहे, 'हातातला रणगाडाविरोधी ग्रेनेड लाँचर' असा. 'रॉकेट प्रोपेल्ड ग्रेनेड' हा इंग्रजी विस्तार मागून जुळवलेला.

याशिवाय प्रत्येक शस्त्राला तोफखाना खात्याचा एक सूची क्रमांकही असतो. एके ५६-ए-२१२, एकेएम ६पी१, एके-७४ ६पी२०, एसव्हीडी ६व्ही१, आरपीजी-७ ६जी३. आराखडे आणि खोक्यांवर हे दिसतात. सुरुवातीचा ६ शस्त्रांचा, ७ काडतुसांचा.

आणि एके-२०३ मधले २०३? सन २००३ का?

नाही. शेकडा मालिकेचा, एकंस्थानचा आकडा काडतूस आणि नळीचा.

१०० मालिकेत १०१ म्हणजे ५.५६ मिमी, पूर्ण नळी. १०२ तीच आखूड. १०३ म्हणजे ७.६२×३९, पूर्ण, १०४ तीच आखूड, १०५ म्हणजे ५.४५, आखूड. पूर्ण नळी ४१५ मिमी, आखूड ३१४ मिमी. पूर्ण नळीच्या ५.४५ ला या मालिकेत जागा नव्हती, कारण ती एके-७४एम आधीच होती. नव्या मालिकेत तिला २०० मिळालं. तर २०३ म्हणजे १०३ चीच नवी पिढी: ७.६२×३९, पूर्ण नळी. अमेठीजवळ कोरवा इथं ती बनते. भारताचा करार सहा लाखांहून अधिक रायफलींचा आहे.

पद्धत तुटते ती एके-१०७ आणि १०८ पाशी. त्यांची आतली रचनाच वेगळी, धक्का संतुलित करणारी. आणि एके-१२ मधलं १२ पुन्हा सालाकडे जातं. रशियनांनीही एकच नियम शेवटपर्यंत पाळलेला नाही.

टाइप ५६ म्हणजे चिनी एके, बरोबर?

तिनांतली एक. १९५६ मध्ये चीनने तीन सोव्हिएत शस्त्रं स्वीकारली आणि तिन्हींना टाइप ५६ म्हटलं: एसकेएस कार्बाइन, एके, आणि आरपीडी लाइट मशीनगन. तिन्हींचं काडतूस ७.६२×३९. नोंदीत "टाइप ५६, ७.६२×३९" इतकंच असेल तर काहीच कळलेलं नसतं. एकेच्या चिनी आवृत्तीची खूण पुढच्या दर्शिकेवर: तिच्याभोवतीचं कडं वरून पूर्ण बंद असतं, सोव्हिएत नगावर ते वर उघडं असतं. बऱ्याच नगांना नळीखाली घडी होणारं सुळ्यासारखं बेयोनेटही असतं.

एमपी५ मधला ५ कशाचा?

जर्मन सरकारी यादीतला सबमशीनगनचा क्रमांक. हेक्लर अँड कॉख (एचके) या तिच्या कारखान्याच्या आकड्यात ती एचके ५४ होती. त्या कारखान्याची जुनी पद्धत शिकून घेण्यासारखी आहे: पहिला अंक प्रकाराचा, दुसरा काडतुसाचा. प्रकारात २ पट्ट्याने भरायची मशीनगन, ३ रायफल, ५ सबमशीनगन. काडतुसात १ म्हणजे ७.६२×५१, २ म्हणजे ७.६२×३९, ३ म्हणजे ५.५६×४५, ४ म्हणजे ९ मिमी. आता एचके २१, एचके ३३ स्वतःच वाचा. शेपटांत ए२ पक्का दस्ता, ए३ आत सरकणारा दस्ता, एसडी आवाज दाबणारी, के आखूड. इथे ए२ नंतर ए३ म्हणजे सुधारणा नव्हे, नुसता दस्ता वेगळा.

अक्षरांचा एक कायमचा तक्ता पाठ केला तर?

वेळ वाया जाईल. 'के' जर्मनीत आखूड, रशियात कलाश्निकोव्ह, कोरियात देशाचं आद्याक्षर. 'एम' अमेरिकेत मॉडेल, रशियात आधुनिक केलेली.

परदेशातून थेट घेतलेल्या शस्त्रांना भारतीय नाव मिळतं का?

बहुधा कारखान्याचंच नाव चालतं. २०१९ मध्ये मागवलेल्या ७२,४०० रायफली सिग ७१६ म्हणूनच ओळखल्या जातात. ते ७१६ कंपनीच्या कॅटलॉगचं: ५१६ ही ५.५६ ची, ७१६ ही ७.६२×५१ ची. निगेव्ह एनजी-७ मधला ७ सुद्धा ७.६२ चाच. देशी नव्या शस्त्रांना आता आकड्यांऐवजी शब्द देण्याकडे कल आहे, जसं पाषाणच्या एआरडीईची 'अस्मी' मशीन पिस्तूल आणि 'उग्रम' रायफल. ऐकायला छान, पण शब्दातून कॅलिबर किंवा आवृत्ती कळत नाही. शेपूट पुढे लागणारच.

पोलीस ज्याला कार्बाइन म्हणतात ती तर सबमशीनगन असते ना?

हो. भारतात सरकारी कागदावर ९ मिमी स्टर्लिंग ही 'कार्बाइन' आहे. इतरत्र कार्बाइन म्हणजे रायफलीच्याच काडतुसाची आखूड रायफल, जशी एम४. परदेशी मजकूर मराठीत आणताना आणि आपली बातमी बाहेर सांगताना, दोन्हीकडे इथे घसरायला होतं. 'इन्सास'चंही तसंच. शेवटचा 'एस' सिस्टिमचा आहे, त्यात रायफल आणि लाइट मशीनगन दोन्ही येतात.

प्रत्यक्ष शस्त्रावर नाव कुठे शोधायचं आणि नोंद कशी करायची?

शस्त्र रिकामं असल्याची खात्री संबंधित शस्त्रागारातल्या माणसाने केल्यावरच हे काम.

ली-एनफिल्ड आणि २ए१ वर बघायची जागा म्हणजे दस्ता जिथे बॉडीला मिळतो तिथलं पोलादी कडं, उजवी बाजू. स्वातंत्र्यापूर्वीच्या इशापूर रायफलीवर वरून खाली मुकुट, 'जीआरआय' ही राजाची अक्षरं, 'इशापूर', साल आणि मार्क असा क्रम वाचता येतो. नंतरच्या नगांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आरएफआय', म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. एकेच्या जातीत डावीकडे बॉडीच्या पुढच्या भागावर कारखान्याची खूण, साल आणि क्रमांक. जपानी रायफलीवर काडतूस भरायच्या जागेच्या वर टाइपचे अंक चित्राक्षरांत असतात. टाइप ९९ वर एकच अक्षर दोनदा, खाली 'पद्धत' अर्थाचं तिसरं.

नोंद घेताना चार गोष्टी वेगळ्या ठेवा: कोरलेलं नाव जसंच्या तसं, कॅलिबर पुंगळीच्या लांबीसह, कारखाना आणि साल, बॉडीवरचा क्रमांक. दस्त्यावर रंगवलेला बट नंबर तुकडीचा असतो. तो दस्ता बदलला की बदलतो, म्हणून बॉडी नंबराच्या रकान्यात तो लिहू नका. बोल्टवरचा क्रमांक बॉडीशी जुळला नाही तर दोन्ही लिहा. पंचनाम्यात "एके-४७" लिहून मोकळं होण्यापेक्षा "एके पद्धतीची रायफल, ७.६२×३९, बॉडीवर अमुक खुणा" हे जास्त टिकतं, कारण पुढे तज्ज्ञाने तिला टाइप ५६ ठरवलं तरी तुमची ओळ खोटी पडत नाही. पुंगळीच्या बुडावरचा शिक्का बंदुकीचं मॉडेल सांगत नाही, काडतुसाचा कारखाना सांगतो. 'केएफ' असेल तर खडकी.

आणि 'डीपी' ही दोन अक्षरं दिसली तर ती मॉडेलचा भाग नाहीत. ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. अशी रायफल गोळीबारासाठी नालायक ठरवलेली असते, मग मार्क कोणताही असो.